वास मुरला

सोमवार, ३ फेब्रुवारी

पोचले एकदाची. तळोद्यापासून शेअर जीप आणि पुढे हेमकांतभाईंचा ट्रॅक्टर, तोही केळीच्या घडांशेजारी बसून. तापीकाठची मोकळी हवा, जिकडे बघावं तिकडे केळीच्या बागा, आणि मला दिलेली खोली नंदुरबारच्या आमच्या अख्ख्या दुकानाएवढी. खूश आहे मी.

काम सोपं आहे, उपचारांची वही लिहायची. बदल्यात माझ्यावरही उपचार. बोटांपासून कातडी कडक होत चाललीये, ढोलावर ताणल्यासारखी, आणि आता जिना चढताना दमही लागतो. नाशिकच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीर स्वतःशीच भांडतंय. गोळ्यांनी थांबेल, पण परत मऊ होईल असं नाही. बावीस वर्षं शिवणकाम केलं मी. पोरीचं, गजालाचं, लग्न ईदनंतर आहे आणि तिचा शरारा मीच शिवणार असं सगळ्या मोहल्ल्यात सांगून बसलेय. आज सुईत दोरा ओवता येत नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

हेमकांतभाई शेतकरी माणूस, डॉक्टर नव्हेत, स्वतःच सांगतात. त्यांची आई फुप्फुसं अशीच कडक होऊन गेली, तेव्हापासून वाचत बसतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो वायू आपलं शरीरच थोडाथोडा बनवतं म्हणे. उंदरांना दिला तर कडक झालेलं मऊ पडलं. माणसांत हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही, तेही त्यांनी लपवलं नाही. मला आवडलं ते.

केळी पिकवायची जुनी खोली आहे, हवाबंद, दाराला रबरी कडा. आत बाकावर बसायचं. भाई बाहेरून त्या वायूची नळी किंचित सोडतात. मोजायचं यंत्र मागवलंय, येईल. तोवर नाकावर काम. वहीत ‘वास’ असा रकाना आहे. वास येतोय तोवर वायू नाकातच अडलाय; यायचा थांबला की अंगात मुरला, लोणच्यात मीठ मुरतं तसा, असं भाईंचं म्हणणं. मुरला की नळी जरा वाढवायची.

वास कसा, तर आमच्या गल्लीतल्या गटारीनं लाजावं. अल्ला माफ करे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

माझ्याशिवाय एकच पेशंट, शहाद्याकडच्या वत्सलाबाई. कोपर वाकत नाहीत, जीभ मात्र छान वळते. आज आत बसल्या बसल्या म्हणाल्या, ‘वास मुरी ग्या, आते गुण लागी.’ मलाही येत नव्हता. वहीत लिहिलं: दोघींचा मुरला. नळी वाढली.

आणि दुपारी माझी मूठ मिटली. पूर्ण नाही, पण मिटली. रडले, खोटं कशाला लिहू.

बुधवार, १२ फेब्रुवारी

वत्सलाबाईंच्या चांदीच्या पाटल्या काळ्या पडतात. सकाळी राखेनं घासतात, संध्याकाळी परत काळ्या. घाम बदलला म्हणतात.

माझ्या लग्नातली अंगठीही काळी झाली. ती तर मी आत नेतच नाही. बोट सुजल्यापासून शिवणाच्या डब्यात असते, माझ्या खोलीत. माझी खोली आणि ती हवाबंद खोली, भिंत एकच आहे.

डोकं जड. गजालानं फोनवर कापडाचा रंग विचारला. म्हटलं कुठलाही आण. एरवी मी दुकानदाराला रडवलं असतं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी, सकाळ

दोरा ओवला. एका फटक्यात.

सुई अंगठ्यात शिरलीये हे कापडावर रक्त पडलं तेव्हा कळलं. दुखलं नाही.

इरफानला फोन केला. माझा धाकटा भाऊ, अंकलेश्वरला रसायनांच्या कारखान्यात असतो. म्हटलं खूश होईल. त्यानं वायूचं नाव दोनदा विचारलं. मग म्हणाला, आमच्याकडे पहिल्या दिवशी हेच शिकवतात. वास येतो तोवर माणूस बरा. वास गेला की समजायचं नाक मेलं, वायू आहे तिथंच आहे. उभ्या पावली बाहेर पड म्हणाला. तो निघालाय, अक्कलकुव्यावरून येतोय.

मी बरं म्हटलं. भीती वाटायला हवी होती.

वही चाळली. आठ तारखेपासून रोज मुरला, मुरला. प्रत्येक वेळी नळी वाढलेली. अक्षर माझं.

शुक्रवार, दुपार

भाईंना सांगायला आले. नळीपाशी खुर्चीत बसलेत. मान छातीवर. दोन हाका मारल्या —

वत्सलाबाई आत आहेत. दाराचं हँडल जड —

फिरलं. माझ्या हातानं फिरलं. दहा दिवसांमागं फिरलं नसतं.

बाकावर आहेत. पाटल्या काळ्या. ओढतेय, पण पाय —

जरा टेकते. दार उघडंच आहे. इरफान येईलच.

गजालाला सांगा, हिरवा. शरारा हिर—

उपचारांची वही हातातच राहिलीये. आजचा रकाना रिकामा आहे —

वास: