कांद्याच्या चाळीवर मिळालेली नोकरी

आबा,

नामपूरला चहा झाला की तुम्ही कप ओट्यावर तसाच ठेवून कांद्याच्या चाळीकडे निघायचात, आणि नाशिकच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून सुट्टीला आलेली मी तुमच्या मागे. बांबूच्या पट्ट्यांतून कांदा दिसतो आहे, गुलाबी, कोरडा, टणक. मी म्हणते, "छान आहे की!" तुम्ही हसता. "वर वर काय देखस, माय? आत हात घाल. गरम शे का?" मी कोपरापर्यंत हात घालते. आत कोमट लागतं, म्हणजे आतला कांदा सडायला लागलेला. भाव चढायच्या बेतात असतो, शेजारचे काका ओरडतात, "आबा, पंधरा दिवस थांब ना!" पण तुम्ही त्याच दिवशी ती बाजू उपसायला घेता. सुट्टी संपली तरी माझ्या हातांचा वास जायचा नाही. सिस्टर मला दोनदा साबण लावायला पाठवायच्या आणि मुली नाक धरायच्या.

इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. झाले, तेव्हा तुम्हाला वाटलं मी शिक्षिका होणार. मी मात्र उद्योगांना कर्ज देणाऱ्या कंपनीत अर्ज केला. मुलाखतीला तिघे होते. एकाने गुणपत्रिका बघून म्हटलं, "मॅडम, ताळेबंदाला यमक नसतं." बाकीचे हसले. माझे कान तापले आणि कशी कोण जाणे, तोंडून चाळ बाहेर पडली. "ताळेबंद मी शिकेन. पण वरून चांगला दिसणारा माल आतून कधी तापतो, ते मला हाताला कळतं." सगळं सांगितलं. सर्वांत वयस्कर होते त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि भाव चढणार असेल तर?" "तरी त्याच दिवशी उपसायचा. थांबला त्याची अख्खी चाळ जाते." सहा महिन्यांच्या बोलीवर मला घेतलं. मग मी अकरावी-बारावीची कॉमर्सची पुस्तकं आणून जमा-नावेपासून सुरुवात केली.

तुम्ही पेढे घेऊन नाशिकला आलात. विचारलंत, "बी.ए.वाल्या पोरीला कसं काय घेतलं?" मी म्हटलं, "माझं इंग्रजी चांगलं आहे ना." तुम्ही समाधानानं मान हलवलीत. "मंग बरं. आपला कांदा तठे काय कामले येस!" मी पेढ्याच्या खोक्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिले. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मला कांद्याच्या नाही, माझ्या जोरावर निवड झालेली हवी होती. पुढे किती वर्षं मी कारखान्यांचे सुबक अहवाल बाजूला ठेवून आधी गोदामात शिरत आले, आणि तुम्हाला सांगत राहिले, "ऑफिसचं काम असतं, आबा." तुमच्यातलं काहीच माझ्याबरोबर आलं नाही, असं समजून तुम्ही गेलात.

या महिनाअखेर मी निवृत्त होते आहे. परवा मुलाखती घ्यायला मीच बसले होते. हरसूलची एक मुलगी आली, मराठीत बी.ए.; पंचवटीत मावशीच्या भाजीच्या गाड्यावर उभी राहून शिकलेली. मी म्हटलं, "मराठी? आपण काय कंपनीत भारूड बसवतोय?" सगळे हसले. तीही हसली, आणि जाताना खुर्ची नीट आत सरकवून गेली. जिना उतरताना मला ते यमकाचं वाक्य आठवलं आणि मी कठडा धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी तिला फोन केला. "मॅडम, गिऱ्हाईक आहे समोर. नाही घेतलं ना मला? मग आता काय?"

"पुन्हा येशील?"

मेथीच्या जुडीवरून कुणाशी तरी तिची घासाघीस चालू होती. मग म्हणाली, "हसणार नसाल तर येईन."

निवृत्तीआधी आता आवराआवर करते आहे. आईच्या पाटल्या वहिनीला द्यायच्या. तुमचं घड्याळ धाकट्या भावाला. बंद आहे, तरी त्यालाच. कॉमर्सची ती पुस्तकं, समासात पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिलेली, त्या मुलीला. कंपनीतल्या वरच्या साहेबांना चिठ्ठी द्यायची आहे: तिला पुन्हा बोलवा, मीही बी.ए.च होते. हे पत्र कुणालाच नाही. आणि आबा, मला का घेतलं होतं ते चिठ्ठीत लिहायची वेळ आली, तेव्हा मी 'शेतीची पार्श्वभूमी' एवढंच लिहिलं. कांदा लिहायला अजूनही हात धजला नाही.