सारख्या झिजलेल्या टाचा

आबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मला अजून एक गोष्ट कळत नाही, म्हणून लिहितेय.

मी धाराशिवला कॉलेजला निघाले तेव्हा तुम्ही माझ्यासाठी चप्पल केली. माप तुम्ही संध्याकाळीच घ्यायचात, दिवसभर चालून पाय फुगल्यावर. मला वर्तमानपत्रावर उभं करून पावलाभोवती पेन्सिल फिरवलीत, पट्ट्याला तेल चोळलंत. आजोबा नांगरामागं चालणाऱ्यांसाठी जाड वहाणा करायचे. तुमच्या काळात टायरचे तळ आले, मग बाजारात रबरी स्लीपर आली. तुम्ही कधी घाबरलेले दिसला नाहीत. "पाय दुखला की गिऱ्हाईक वापस येतंय," म्हणायचात.

धाराशिवच्या स्टँडवर उतरले की ती चप्पल मी पिशवीत टाकायचे आणि बाजारातली, चकचकीत बकलाची घालायचे. वर्गात निबंध मात्र श्रमाच्या प्रतिष्ठेवर लिहायचे, आणि ते खरंच मनापासून लिहायचे. दिवाळीला घरी निघताना लक्षात आलं, तुमच्या चपलेचा तळ कोराच आहे. वसतिगृहामागच्या धुण्याच्या दगडावर मी दोन्ही तळ घासले. मन लावून, अगदी सारखे.

घरी तुम्ही चप्पल उलटी करून पाहिलीत. तळ पाहून माणूस कसा चालतो ते तुम्हाला कळतं, हे मला तेव्हा कुठं आठवलं.

"तुजी उजवी टाच बाहेरनं झिजायची. आता दोनी सारख्या?"

"तिथले रस्ते सपाट आहेत, आबा."

आई भाकरी थापताना हसली. "रस्ता सपाट म्हणून पाय बदलतोय व्हय? मग मलाबी न्या तिकडं, गुडघं तरी सरळ व्हतील."

तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. चप्पल पुसून कोनाड्यात ठेवलीत.

उन्हाळ्यात तुम्ही दुसरी जोडी केलीत. ती कितीतरी वर्षं नुसती पडून होती, आता मी ती घालते. गेल्या महिन्यात तिची शिलाई उसवली, तर उजव्या टाचेत, दोन थरांच्या मध्ये, बाहेरच्या बाजूला कातड्याचा एक जादा तुकडा निघाला. म्हणजे माझं बोलणं तुम्हाला पटलंच नव्हतं. मग काही बोलला का नाहीत? वाईट वाटलं होतं, की पोरीची टाच दुखू नये एवढंच डोक्यात होतं? आईला विचारलं तर म्हणते, "त्यांला काय, कुणाच्याबी पायाचीच काळजी लई." यावरून मी काय समजू?

आता पुण्यात अशा चपला लोक शोधत फिरतात. परवा ऑफिसात एकीनं माझी घालून पाहिली, तर काढेचना. "इतकी मऊ! कुठून घेतलीस गं?"

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून पुढचं लिहिता येतंय. मी तिला म्हणाले, "आमच्या तेरला एक कारागीर होते."

'माझे वडील' हे शब्द तोंडात आले होते, आबा. मी ते गिळले.