उस्मान भावोजींना खांदा देणारा गोरा

रिग्गई, कुवेत

प्यारी रुकय्या आपा हिस,

धाकट्या मुबीनचा सलाम. तुझे गुडघे, तुझी साखर आणि तुझी चार महिने दहा दिवसांची इद्दत तुझ्यापेक्षा कडक पाळणाऱ्या आपल्या फखरुन्निसा फूफी, या सगळ्यांना अल्ला सलामत ठेवो. इकडे आम्ही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तू त्यावर विश्वास ठेवू नकोस.

फोन सोडून पत्र का, तर तुझा फोन हल्ली फूफींच्या हातात आणि स्पीकरवर असतो. भावोजींच्या दफनानंतर तू रडता रडता मला एकच गोष्ट विचारलीस, की नेताना त्यांना धक्का तर नाही ना बसला? (भावोजींची कंबर मला ठाऊक आहे. एसटीत मागच्या सीटवर बसण्यापेक्षा ते रत्नागिरीपर्यंत उभे यायचे.) मी तोंड उघडतो तोच फूफींनी फोन घेतला आणि जनाज्याच्या फोटोतल्या माणसाची चौकशी सुरू केली. तेव्हा कळलं की फोटो गावच्या ग्रुपवर पोचलाय, आणि उस्मानला कुणा अर्ध्या चड्डीतल्या गोऱ्या पैलवानाने खांदा दिला, आपली माणसं काय मेली होती, असं गाव म्हणतंय. आपली माणसं मेली नव्हती आपा, सुट्टीवर होती. ऑगस्टात अर्धं रिग्गई कोकणात असतं आणि तुमच्या पडवीत बसून कुवेतच्या उन्हाच्या गोष्टी सांगतं. त्यातलेच काहीजण आता तुझ्याकडे येऊन ‘आम्ही तिथे असतो तर’ म्हणून उसासे टाकत असतील. त्यांना चहा दे, बिस्किट देऊ नकोस. आणि ती चड्डी अर्धी नव्हती. पुरती लांब पँट होती. त्याच्या मांड्यांवर ती अर्धी दिसते, त्याला कोण काय करणार?

त्या माणसाचं नाव फिंटन, मुलूख आयर्लंड, धंदा रग्बी. हा खेळ मला समजलेला नाही, भावोजींनी समजावला तसा सांगतो. दोन्हीकडची आठ-आठ माणसं डोकी खाली घालून टोणग्यांसारखी एकमेकांना भिडतात. त्यात पुढच्या रांगेत कडेला जो असतो त्याला प्रॉप म्हणतात, म्हणजे पडवी झुकली की आपण लावतो तो टेकू. मागून त्याच्या माणसांचा रेटा, समोरून दुसऱ्यांचा, आणि मधे याची मान. चेंडू त्याला दिसतसुद्धा नाही. तो पायांमधून मागच्या मागे निघून जातो, मग कोणी सडपातळ, भांग पाडलेला मुलगा तो घेऊन पळतो आणि पेपरात फोटो त्याचा येतो. टेकूचा येत नाही. (फिंटनचा आला तो एकदम आपल्या गावच्या ग्रुपवर.)

हा धंदा त्याने दहा-बारा वर्षं पगार घेऊन केला. कानांची कांदाभजी झाली, बोटं चार दिशांना गेली. देशाच्या संघात एकदाच नाव लागलं, तेही राखीव म्हणून. त्याच्या खाटीक बापाने दुकान बंद ठेवलं, आईने गावातून बस भरून माणसं आणली. शेवटाला उस्तादाने हाक मारली, हा अंगातलं जाकीट काढून रेषेवर जाऊन उभा राहिला. खेळ थांबल्याशिवाय नव्या माणसाला आत सोडत नाहीत, आणि खेळ थांबला तो संपूनच. आत पाऊल पडलं नाही म्हणून हा देशाकडून खेळला असं कुठेच धरत नाहीत. आईने रात्री फोनवर एवढंच विचारलं, जेवलास का? पुढच्या हंगामात मानेतली चकती सरकली, उजवा हात बधिर व्हायला लागला. मानेवर पुन्हा ओझं घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. क्लबाने टाळ्या वाजवल्या आणि दुसरा टेकू आणला.

मग मोडीत निघालेल्या माणसांचं जे होतं तेच त्याचंही झालं, कुवेतला नोकरी लागली. जाब्रियाच्या एका इंग्रजी शाळेत पोरांना हाच खेळ शिकवायची. (प्रत्येक पोराला पळणारा व्हायचंय. टेकू व्हायला कोणीच तयार नाही, आणि आईबाप तर मुळीच नाहीत.) त्या शाळेचं मैदान भावोजींकडे. वाळवंटात त्यांनी गवत राखलं होतं, भाताच्या तरव्यासारखं. याने पहिल्याच दिवशी पोरं भिडवून ते उखडलं. भावोजींनी त्याला काय काय सुनावलं ते लिहीत नाही. तू संसारात ते सगळं ऐकलेलं आहेस. तो मान खाली घालून ऐकत राहिला (मान पुरती वर होतच नाही, हे मागाहून कळलं) आणि संध्याकाळी गुडघ्यांवर बसून एकेक ढेकूळ जागच्या जागी लावलं. तेव्हापासून दर शुक्रवारी आमच्या खोलीवर जेवायला. त्या बोटांना माशाचा काटा धरवत नाही, म्हणून भावोजी त्याच्या ताटातले काटे काढून द्यायचे. एवढे काटे त्यांनी पोटच्या माहीनच्या ताटातलेही काढले नसतील. कधी काढणार? ते इथे होते.

आता तुझ्या प्रश्नाचं. गुस्लची आंघोळ, कफन सगळं रीतसर झालं. असरच्या नमाजानंतर जनाजा उचलला, पुढे मी आणि अबरार, मागे ओवैस आणि नझीरचाचा, सगळे खोलीवरचेच. चाचांना कंबर उरलेली नाही, पण मान जबरी; जागा सोडेनात. कबरस्तानात थोडं आत गेलो आणि त्यांचा पाय वाळूत रुतला. कोपरा खाली गेला. धक्का बसणारच होता, आपा. बसला नाही. मागच्या मागे कुणाचा तरी खांदा खाली घुसला आणि जनाजा होता तिथेच राहिला.

फिंटन तोवर लांब उभा होता. ओवैस बुटका, म्हणून हा गुडघे वाकवून ओवैसच्या उंचीचा झाला आणि तसाच वाकून चालला. डाव्या हाताने त्याने जनाज्याखालून ओवैसचा सदरा कमरेपाशी मुठीत धरला आणि त्याला जवळ ओढलं, खेळात शेजारच्याला धरतात तसं. ओवैसने तोंड उघडलं (त्याचा धर्माचा सगळा इल्म मोबाइलमधून आलेला आहे), तर बाजूला धापा टाकणारे चाचा म्हणाले, “अरे, आधी मय्यत पोचव, मसला मागनं काढ.” फिंटन स्वतः एवढंच म्हणाला, “हलू, हलू. पाय बारीक टाका रं.” पोरं गवतावरून जायची तेव्हा भावोजी हेच ओरडायचे, याच सुरात.

मी पुढे, मला मागचं काही दिसत नव्हतं, खांद्याला कळत होतं. चौघांचा एक माणूस झाला होता. बदली द्यायला दोघे आले, त्याने जागा सोडली नाही. त्यांना धक्का लागला नाही, आपा. आयुष्यभर कुठल्याही गाडीने त्यांना एवढं अलगद नेलं नसेल. कबरीपाशी मात्र तो आपणहून मागे सरकला आणि परत रेषेबाहेर जाऊन उभा राहिला. मातीसुद्धा चाचांनी हात धरून आणलं तेव्हा दिली.

गावाला यातलं काय सांगायचं ते तू ठरव.

तुझा भाऊ,
मुबीन

ता. क. ओवैस त्या दिवसापासून मोबाइलवर गैरमुस्लिमाच्या खांद्याचा मसला शोधतोय. अजून सापडला नाही. शुक्रवारी मात्र फिंटनच्या शेजारी जेवायला बसला.

आणखी ता. क. फिंटनचा उजवा हात तेव्हापासून मिटत नाही. हे तुला कळवायचं नाही अशी त्याने मला शपथ घातली आहे, म्हणून सांगत नाही. शाळेने करार पुढे वाढवला नाही. आता तो घरी जाईल, मानेचं ऑपरेशन होईल.

शेवटचं ता. क. त्याच्या गावात कोणी वारलं की शेजारी त्या घरी येऊन बसतात म्हणे. बोलायचं काही नसतं, चहा प्यायचा आणि बसायचं. उस्मानच्या घरी आपण बसलो नाही, हे त्याच्या मनाला लागून राहिलंय. मी त्याला इद्दत समजावली, पडदा समजावला, फूफीसुद्धा समजावल्या. सगळं ऐकून त्याने विचारलं, पडवी घरात धरतात की बाहेर? पत्राला तिकीट नाही हे तुझ्या ध्यानात आलं असेल. ज्याने ते माहीनच्या हातात दिलं तो अजून बाहेरच असेल. त्याला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवू नका. चहा डाव्या हातात द्या. दारामागून दोन शब्द बोललीस तर बरं. नाही बोललीस तरी चालेल, त्याला त्यातलं फारसं समजणार नाही. घरच्यांनी सांगितल्याशिवाय त्यांच्यात उठत नाहीत म्हणे. फूफींना लगेच सांगू देऊ नकोस.