भट्टीत मऊ पडलेली चाकं

रवि., ६ जानेवारी १९८५
अरविंदराव पाच चाकं घेऊन आले. ॲल्युमिनियमची, वापरलेली. रंगाचे पोपडे निघालेले. ३ फेब्रु.ला मद्रासजवळ जुन्या धावपट्टीवर मोटारींची शर्यत आहे, चारांवर गाडी, पाचवं जादा. म्हणाले, दादा, भट्टीत भाजून पक्का करतात तो रंग तुम्हीच द्या. धाकट्या बहिणीचा, शांताचा नवरा, जावई माणूस. मी जन्मभर सायकली-स्कूटरचं लोखंड रंगवलं, ॲल्युमिनियम कधी नाही. तरी हो म्हटलं.

मंगळ., ८
कॉस्टिक लावायचं नाही, ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. रिमूव्हर आणि लाकडी पट्टीनं दोन दिवस जुना रंग खरवडला. बोटं सोलली.

गुरु., १०
तडे पाहिले. चाक रॉकेलमध्ये बुडवायचं, कोरडं पुसायचं, वरून खडूची भुकटी. तडा असला की रॉकेल झिरपून रेघ उमटते. पाचांतही नाही. शांता डबा घेऊन आली होती (तिची वहिनी गेल्यापासून डबा तिचाच). तिलाही दाखवलं. पक्की आहेत म्हटलं.

सोम., १४. संक्रांत
नट बसतात त्या जागा झाकून रंग मारला. तिथं रंग राहिला तर नट ढिले होतात. रंग सायलेन्सरचा, रुपेरी. ब्रेक तापले तरी जळू नये म्हणून. भट्टीत चारच मावली. तापमानाचा काटा दीडशे अंशांवर आल्यावर तीळगूळ घ्यायला शांताकडे गेलो. तासाभरात यायचं होतं. अरविंदराव शर्यतीतली वळणं सांगत बसले, मीही ऐकत बसलो. तीन तास. आलो तेव्हा काटा दीडशेवरच. भट्टी बंद केली.

मंगळ., १५
चाकं चांदीसारखी निघाली. पण भट्टीच्या तळाला शिशाचा गोळा. तोल साधायला कडेला लावतात तो शिशाचा तुकडा एका चाकावर राहून गेला होता. वितळला. शिसं वितळायला सव्वातीनशेच्या वर लागते. काट्यावर टिचकी मारली. हलला नाही. अडकलेला.
साधा रंग असता तर करपला असता, तेव्हाच कळलं असतं.

गुरु., १७
इतक्या तापात ॲल्युमिनियमचं काय झालं ते बघायला गेडामला बोलावलं. ओतकामात केस पिकवलेला माणूस. त्यानं न भाजलेल्या पाचव्या चाकावर पंच ठोकला, मग भाजलेल्यावर. तितकाच जोर. भाजलेल्यावर खड्डा दुप्पट खोल.
"मऊ पडलं गा. जीव गेला यातला."
परत कडक होते का विचारलं. म्हणाला, ते तापवणं, ते पाणी देणं आपल्याकडं नाही, आणि केलं तरी चाक वाकडं होईन.

शनि., १९
अरविंदरावांना सगळं सांगितलं. कबूल केलं की चूक माझी. ते चाक हातात फिरवत राहिले. लोखंडी चाकं लावा म्हटलं. त्यांवर हे रुंद टायर बसत नाहीत म्हणाले.
"तडा आहे का, दादा?"
"नाही."
"मग?"
काय दाखवू? पंचाचा खड्डा दाखवला. म्हणाले, रस्त्यावर कोणी पंच मारत नाही. वय अडतीस, यंदा नाही तर कधीच नाही. चाकं देत नाही म्हटलं. न जेवता गेले.

मंगळ., २२
शांता आली.
"तुटतीन का दादा?"
"तुटतीनच असं नाही वं. वाकतीन. वळणावर वाकलं तर हवा एकदम जाते."
"मग तू अडव त्यायले. माझं नाही ऐकत ते."
घरी बसले तर मनानं मरतीन, हेही तिनंच सांगितलं.

गुरु., २४
घण उचलला. एका भाजलेल्या चाकावर मारला. कड आत गेली. धड आवाजही नाही. दुसऱ्यावर हात उठेना. किती कष्टानं... तेवढ्यात अरविंदराव दारात. रागावले नाहीत. पाचवं चाक उचलून बाकी तीन चाकांशेजारी ठेवलं.
"चार होतात, दादा."
दोन फोडायला हवी होती, मग तीनच उरली असती. मी बाजूला झालो. त्यांनी नेली.

बुध., ३०
गाडी ट्रकवर चढवली. सोबत शेजारचा मेकॅनिक मोरेश्वर. त्याला बाजूला घेतलं. चांगलं चाक पुढं लाव, ज्या बाजूवर जास्त भार येते तिकडं. गाडी थांबली की आतून कडा चाचपून पाह्य. जराशी वाकलेली वाटली तरी जावयाले गाडीतून उतरव. हो काका म्हणाला. ऐकलं की नाही, देव जाणे. शांतानं दह्याची वाटी आणली.

रवि., ३ फेब्रुवारी
भट्टी पेटवली नाही. शांता सकाळपासून इथंच. दोघंही जेवलो नाही. ती मधूनच विचारते, आता सुरू झाली असन का.

सोम., ४
दुपारी तार. इंग्रजीत, दोनच शब्द. 'रीचिंग थर्सडे', गुरुवारी पोचणार. खाली नाव मोरेश्वरचं.
शांता म्हणाली, यायनंच पाठवलं असन मोरेश्वरले पोस्टात. मी म्हटलं, हो, तसंच असन. तिनं परत वाचायला लावलं. परत वाचली. इंग्रजीत एकटा येतो की दोघं येतात, ते कळत नाही.