ड्रायव्हरपायी गेलेली कपाटं

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.१५

निवृत्त होऊन आज बरोबर दोन महिने झाले. एकतीस वर्षं भांडार विभागात काढली, एक स्क्रू इकडचा तिकडे झाला नाही. घरात मात्र सगळा आनंदीआनंद आहे. आजपासून शिस्त.

सुरुवात लॅपटॉपपासून. लॅपटॉप हिचा. ही त्यावर स्वयंपाकघरांची डिझाइन्स करते: ओटा कुठे, सिंक कुठे, कपाटं किती. स्क्रीनवर ते स्वयंपाकघर गरागरा फिरवून चारी बाजूंनी बघता येतं. आजवर नात्यातल्या आणि शेजारच्या लोकांची केली. आता पहिल्यांदाच मोठं काम हाताशी आलंय: नोकरी करणाऱ्या बायकांच्या होस्टेलचं नवं स्वयंपाकघर. साठ बायकांची दोन वेळची जेवणं. शनिवारी अकरा वाजता तिथल्या मॅडमना डिझाइन दाखवायचं आहे. पसंत पडलं तर काम हिचं, नाही तर दुसऱ्या कुणाचं.

एवढं महत्त्वाचं काम, आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यात त्रेचाळीस दिवसांपासून अपडेट पडून आहे. केशरी ठिपका दिसतो. हिला दिसत नाही का?

११.४०. ही दातांच्या डॉक्टरकडे गेली आहे. अपडेट सुरू केलं. आल्यावर चकित होईल.

१२.५५. झालं. ठिपका गेला. समाधान.

दुपारी ३.३०. ही चकित झाली, पण वेगळ्या कारणाने. स्वयंपाकघर फिरवायला गेली आणि स्क्रीन जागच्या जागी गोठला. माऊसचा बाणसुद्धा हलेना. बंद करून चालू केला. चार मिनिटांनी पुन्हा तेच. हिने विचारलं, तुम्ही काही केलं का ह्याला? मी म्हणालो, मी कशाला हात लावू. तोंडातून निघून गेलं. आता शब्द मागे घेतला तर उगाच गुंता वाढेल.

संध्याकाळी ७. लॅपटॉप बंद करताना यादीत दोन पर्याय येतात. नुसतं 'शट डाउन' आणि 'अपडेट अँड शट डाउन'. दुसरा निवडला. रोज हाच निवडायचा, हा संकल्प. शिस्त ती शिस्त.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी १०

शास्त्रीय पद्धतीने जायचं ठरवलं. हातात घड्याळ घेऊन बसलो. गोठायला लागलेला वेळ: ४ मिनिटं ०५ सेकंद. निदान: उष्णता. समोर टेबलफॅन लावला. ४ मिनिटं १५ सेकंद. म्हणजे दहा सेकंदांची प्रगती. ह्या वेगाने शनिवारपर्यंत किती होईल त्याचा हिशोब करायला घेतला, मग सोडून दिला.

दुपारी १. पंख्याने भागत नाही म्हणजे आत धूळ असणार. लॅपटॉप मागून उघडला. रंगकामाच्या ब्रशने झाडला. धूळ फारशी निघाली नाही, पण काम स्वच्छ झालं. परत बसवताना एक स्क्रू उरला. बहुधा जादाच दिलेला असावा.

दुपारी ४. लेकीचा फोन. ती दुसऱ्या गावी नोकरी करते, कॉम्प्युटरमधलं तिला कळतं. हिने तिला सगळं सांगून ठेवलेलं. लेकीचा पहिलाच प्रश्न: बाबा, अपडेट केलं होतं का? मी म्हणालो, तसं काही नाही. ती म्हणाली, असं एकदम गोठायला लागलं तर बहुतेक ग्राफिक्स ड्रायव्हर असतो, म्हणजे स्क्रीनवरची चित्रं हलवणारा प्रोग्राम. अपडेटमध्ये नवा येतो आणि कधीकधी मशीनला झेपत नाही. सेटिंगमध्ये जाऊन 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबायचं, जुना परत येतो. मी म्हणालो, ते माझ्या डोक्यात आलंच होतं. आलं नव्हतं. पण बापाने लेकीकडून शिकायचं म्हणजे काय?

संध्याकाळी अपडेट करून बंद केला.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ९.३०

खरं कारण सापडलं. दोष मशीनचा नाही, डिझाइनचा आहे. डिझाइन जड झालंय. हिने त्यात चाळीस कपाटं घातली आहेत. चाळीस! प्रत्येकाला दार, दाराला मूठ. एवढं ओझं फिरवायचं म्हणजे कुणीही गोठेल.

हिला समजावलं. म्हणालो, भांडार विभागातला पहिला नियम काय, तर कमी ठेवा, नीट ठेवा. हिने माऊस हातात घेतला. मग कोपऱ्यातली कपाटं काढली, वरची रांग काढली. सव्वीस उरली. लॅपटॉप नऊ मिनिटं चालला. मी टाळी वाजवली.

हिने हळूच विचारलं, "साठ जणींची भांडी मावतील ह्यात?"

मी म्हणालो, आरामात. मी आयुष्यात स्वतःचा कप विसळून जागेवर ठेवलेला नाही, हे तिला त्या क्षणी आठवलं नसावं. मला आठवलं.

दुपारी २.३०. ही डुलकी काढत होती तेवढ्यात लेकीने सांगितलं तसं करून पाहिलं, म्हणजे स्वतःच्या अनुभवावरून. 'रोल बॅक ड्रायव्हर'. स्क्रीन दोनदा काळा झाला, माझाही चेहरा तसाच. मग सगळं नीट. स्वयंपाकघर दोन तास भोवऱ्यासारखं फिरवलं, एकदाही गोठलं नाही.

म्हणजे कपाटांचा काही संबंध नव्हता. हिला सांगून चौदा कपाटं परत घालायला हवीत. पण मग ती विचारणार, हे आधी का नाही केलंत. मग ड्रायव्हर कुठून आला, मग अपडेट कुणी केलं. उद्या सकाळी चहाच्या वेळी सांगेन. तेव्हा तिचा मूड बरा असतो.

संध्याकाळी ७. अपडेट करून बंद केला. संकल्पाचा तिसरा दिवस, एकदाही चुकलो नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी १०.१०

चहाच्या आधीच ही लॅपटॉप घेऊन बसली. चार मिनिटांनी गोठला. माझा विश्वास बसेना. काल दोन तास हरणासारखा पळणारा लॅपटॉप एका रात्रीत असा कसा बसला? आता सांगण्यात अर्थ नव्हता. नीट झालेलं असताना सांगायचं होतं.

मी न सांगताच हिने आणखी सहा कपाटं काढली. वीस.

दुपारी पुन्हा ड्रायव्हर मागे घेतला. पुन्हा छान चालला. ह्याचा अर्थ एकच: मशीनला शिस्त लागायला वेळ लागतोय. माणसालाही लागतो. सातत्य हवं.

संध्याकाळी अपडेट करून बंद.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ९

गोठला. ३ मिनिटं ५० सेकंद. सोमवारपेक्षाही वाईट.

११.००. गल्लीच्या तोंडाशी दुरुस्तीवाला बसतो, त्याच्याकडे जायचं ठरवलं. नाइलाज म्हणून. मागच्या वर्षी त्याच्या दुकानात उभं राहून मी त्याला वायर जोडायची योग्य पद्धत समजावली होती, तेव्हापासून तो माझ्याकडे बघून नुसती मान हलवतो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्याने विचारलं, "बोला काका, काय बिघडलं?" दोन्ही गिऱ्हाइकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, छे, बिघडतंय काय, माऊसखाली ठेवायचं पॅड हवं होतं. पॅड घेऊन आलो. निळं आहे.

दुपारी १२. घरी आलो तर कपाटं चौदा. स्क्रीनवर भिंतीच भिंती दिसत होत्या. ही म्हणाली, स्वयंपाकघर कमी आणि वेटिंग रूम जास्त वाटतेय. हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. तीन आठवडे ती त्या होस्टेलमध्ये जाऊन एकेक पातेलं मोजून आली होती. मी चुकलो, हे मला अगदी स्पष्ट दिसलं. तोंड उघडलं आणि विचारलं, चहा घेणार का?

दुपारी ४. तिसऱ्यांदा ड्रायव्हर मागे. हिला बोलावून दाखवलं, बघ कसा पळतोय. ही म्हणाली, आता कपाटं परत घालायला वेळ नाही, आहे तेच दाखवू. उद्या मी बरोबर येणार. तांत्रिक बाजू सांभाळायला कुणीतरी हवंच.

संध्याकाळी ७. शुभकार्याला निघताना माणूस नवे कपडे घालतो. अपडेट करून बंद केला.

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ३

जे झालं ते क्रमाने लिहितो. क्रम चुकवला तर मी त्यातून सुटेन.

होस्टेलचं नवं स्वयंपाकघर म्हणजे अजून मोकळी खोली. फरशी घातलेली, भिंती कोऱ्या. तिथेच टीव्ही लावला होता. मॅडम, कमिटीच्या दोन बायका आणि तिथली स्वयंपाकीण, एवढी माणसं. मी वायर जोडली. चित्र आलं. मी सगळ्यांकडे बघून हसलो.

तिसऱ्या मिनिटाला गोठलं. स्वयंपाकघर अर्धवट वळलेलं, ओटा तिरका, चौदा कपाटं हवेत लटकलेली. मी बटणं दाबली. टीव्हीमागे जाऊन वायर हलवली. म्हणालो, इथला वीजपुरवठा कमी दाबाचा दिसतो. मॅडम म्हणाल्या, दिवे तर नीट चाललेत.

स्वयंपाकीण गोठलेल्या चित्राकडे बघत होती. तिने विचारलं, "बाई, मोठी पातेली कुठं ठेवायची ह्यात?"

हिने लॅपटॉप मिटला. मला वाटलं, संपलं. हिने मॅडमकडे खडू मागितला. साडीचा पदर खोचला आणि फरशीवर बसली. दारापासून सुरुवात केली. टेप न लावता, मनातल्या मापाने, खऱ्या आकाराचा ओटा आखला. मग सिंक. मग एकेक कपाट. मी मोजत होतो. चाळीसच्या चाळीस. एकही विसरली नव्हती.

मग त्या बायका चपला काढून आत शिरल्या. स्वयंपाकीण खडूच्या ओट्यापुढे उभी राहिली, हवेतलं दार उघडलं, वळली आणि म्हणाली, हे दार उघडलं की सिंकशी उभ्या असलेलीला लागणार. हिने पायाने रेघ पुसली आणि दार दुसऱ्या अंगाला घेतलं. कमिटीतल्या एकीने पिठाचे डबे खालीच हवेत असा हट्ट धरला, दुसरी म्हणाली वाकायचं कुणी. तासभर त्या साऱ्याजणी त्या खडूच्या स्वयंपाकघरात वावरत होत्या. मॅडमनी मला भिंतीकडे सरकायला सांगितलं, कारण मी गॅसवर उभा होतो.

पुढे पक्की मापं घेतली. टेपचं टोक धरायला मला बोलावलं. धरलं. काम हिला मिळालं.

मला फार अभिमान वाटला. आणि तितकीच लाज वाटली. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे मला नवीन होतं.

परत येताना गाडीत ही खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सोमवारी अकरा चाळीसला अपडेट केलंत तुम्ही. लॅपटॉपमध्ये तारीख-वेळेसकट लिहिलेलं असतं. काल दुपारी बघितलं मी."

मी विचारलं, मग काल बोलली का नाहीस?

ती म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हणून थांबले. कपाटं काढली ती तुमचं खरं मानून काढली होती."

घर येईपर्यंत टेप मांडीवर घेऊन बसलो.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११.३०

ही स्वतः लॅपटॉप घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेली. मीही मागोमाग गेलो. त्याने एकच प्रश्न विचारला: रोज बंद करताना अपडेट कोण दाबतं? ही फक्त बाजूला झाली, म्हणजे मी त्याला नीट दिसलो. त्याने शांतपणे सांगितलं की जुना ड्रायव्हर दुपारी आणायचा आणि संध्याकाळी अपडेट दाबून नवा पुन्हा बोलवायचा, असं कितीही दिवस करता येतं. पाच दिवसांची माझी शिस्त त्याने अशी एका वाक्यात उलगडून ठेवली. ड्रायव्हर मागे घेतला, नवा आपोआप येऊ नये म्हणून त्याची वाट बंद केली. बारा मिनिटं लागली. मागचा एक स्क्रू नाही म्हणाला. मी खिशातून काढून दिला.

दुपारी १. हिने लॅपटॉपला पासवर्ड घातला. मला सांगितला नाही. मीही विचारला नाही. संकल्प: ह्यापुढे लॅपटॉपला हात लावायचा नाही.

दुपारी ४.१५. ही बाहेर गेली आहे. हात लावायचा नाही म्हणजे वापरायचा नाही. नुसता पासवर्ड ओळखता येतो का बघायला हरकत नसावी. उद्या तिला काही झालं तर घरात कुणालातरी माहीत हवा. आधी माझं नाव घातलं. नव्हतं. लेकीचं नाव. नव्हतं. लेकीची जन्मतारीख, आमच्या लग्नाची तारीख, उलट लग्नाची तारीख. पुन्हा माझं नाव, ह्या वेळी आडनावासकट. मग सुचेल ते. नव्हतं.

५.०५. स्क्रीनवर आलंय की फार वेळा चुकल्यामुळे लॅपटॉप तूर्त बंद केला आहे. उद्या सकाळी हिला होस्टेलचं पक्कं डिझाइन करायला बसायचंय.

आता मात्र धडा घेतला आहे. ही आली की दारातच, चप्पल काढायच्या आत, सगळं खरं सांगायचं.

६.२०. सांगितलं. ही रागावली नाही. पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, किती वेळा घातलात?

दोनदा, म्हणालो.

ती म्हणाली, "दहा वेळा चुकल्याशिवाय तो बंद होत नाही."

अकरा, म्हणालो.