साडूचा झिरो टॅक्स

१८ जानेवारी २०२६, रविवार
साडू लिलाधर आणि मेहुणी नीतू तीळगूळ द्यायला साकोलीला आले. जेवताना तो सहज बोलला, यंदा त्याला टॅक्स झिरो. पगार माझ्याएवढाच, वर्षाला नऊ लाख. मी हसलो. पुढचा भात गेला नाही.
ते गेल्यावर बायको जिजा म्हणाली, "त्यालेच इचारा न, कसं केलं तं." चित्रकला शिक्षक म्हणून बावीस वर्षं नोकरी झाली माझी. धाकट्या साडूला विचारू?
निश्चय : ३१ मार्चच्या आत माझाही झिरो.

२३ जानेवारी
लिलाधरला फोन. आधी गोसीखुर्द धरणाच्या मासोळीचा भाव विचारला, मग त्याच्या आईचे गुडघे, मग गुंतवणूक. म्हणे, "मी काहीच नाही केलं जी, दादा."
लपवून राहिला.

१ फेब्रुवारी, रविवार
विमा एजंट कैलाश घरी. लिलाधरनं कोणती पॉलिसी घेतली एवढंच विचारलं. नाव सांगता येत नाही म्हणाला, पण डोळा मिचकावून एक कागद पुढे केला. समजलो. सही केली. वर्षाला पन्नास हजार, दहा वर्षं.
जिजानं विचारलं, पोरीच्या, रिंकूच्या नागपूरच्या क्लासचं काय? फी एप्रिलमधे आहे. आत्तापासून काहून टेन्शन?

१४ फेब्रुवारी
लिलाधरच्या स्टेटसवर नवी मोटरसायकल. नीतू मागे बसून हसून राहिली. सहा वेळा पाहिलं. किती वेळा पाहिलं ते त्याला दिसतं का, रिंकूला विचारलं. नाही म्हणाली. सातव्यांदा पाहिलं.

९ मार्च, सोमवार
बँकेत एक लाखाचं टॅक्स सेव्हर डिपॉझिट. मॅनेजर म्हणाल्या, पाच वर्षं काढता येणार नाही. म्हटलं, काढते कोण?
त्यात रिंकूच्या फीचे ऐंशी हजार होते. घरी बोललो नाही. पावतीचा फोटो स्टेटसला. लिलाधरनं अंगठा पाठवला. जळला असेल.

२० मार्च, शुक्रवार
शाळेचा क्लार्क संघपाल याला कागद दिले. त्यानं हिशेब सांगितला : एवढं करूनही टॅक्स चौपन्न हजार.
"सर, नव्या टॅक्स रिजीममधे तुमच्या पगारावर टॅक्सच नाही. काही गुंतवाचं कामच नव्हतं. मागच्या एप्रिलमधे मी म्हटलं होतं, तुमीच लेखी जुनी मागितली."
रिटर्न भरताना रिजीम बदलता येते, कापलेले पैसे परत मिळतील. आणि डिपॉझिट? "ते नाही सुटत जी."
म्हणजे लिलाधर खरं बोलला. काहीच केलं नाही त्यानं. ह्याचाच जास्त राग येऊन राहिला.

२ एप्रिल, गुरुवार
फीची शेवटची तारीख परवा. जिजाला सगळं सांगितलं. ती भांडली असती तर बरं होतं. उठली, अंगणात गेली आणि नीतूला फोन लावला.

४ एप्रिल, शनिवार
लिलाधर नव्या गाडीवर आला. ऐंशी हजार रिंकूच्याच हातात दिले. "दादा, माझे पडूनच होते. पोरगी शिकाले पायजे." रिंकू त्याच्या पाया पडली. सोमवारी नागपूरला सोडायला मौसाजीच येतील, असं तिनंच ठरवलं. मला कोणी विचारलं नाही.
तो गेल्यावर शांतपणे विचार केला. माणसाला प्लॅनिंग नसलं की असे पैसे पडून राहतात.