विहिरीकडची रांग

आई, चर्चच्या स्मरणिकेत तुझ्याबद्दल मी जे लिहिलं, त्यातली एक गोष्ट खोटी आहे. तिसरीत असताना मी दफनभूमीत दादाची कबर वाचून शोधली आणि तू शेवटपर्यंत दर वर्षी तिथे मेणबत्ती लावलीस, असं मी लिहिलं होतं. मेणबत्ती तू लावलीस हे खरं. पण कबर मी वाचली नव्हती.

तो मृतांचा दिवस होता. परडीत वाडीतली शेवंती, पदरात मेणबत्त्या. दादा अकरा दिवसांचा होऊन गेला तेव्हा तू बाळंतीण होतीस, दफनाला तुला कुणी नेलं नाही. बाबांनी रोवलेला लाकडी क्रूस दोन पावसाळ्यांत कुजला, त्याच्यावरचा नावाचा पत्रा तेवढा उरला असेल असं तू धरून होतीस, आणि बाबा गेल्यावर जागा दाखवणारं कोणी उरलं नाही. शाळेत गेलेली घरातली पहिली मीच. शेजारच्या बायका आपापल्या कबरी धूत होत्या. तू मला पुढे केलंस. "वाच गो बाय, तुझा भाऊ कुठला?" कबरींवरच्या नावांच्या पत्र्यांवर गंज चढला होता, दादाचं नाव मला कुठेच सापडेना. भिंतीकडून तिसऱ्या कबरीचा पत्रा तर पार कोरा झाला होता, म्हणजे तिथे मला कुणी खोटं पाडणार नव्हतं. मी त्याच्यावर बोट ठेवलं आणि दादाचं नाव मोठ्याने वाचलं. एक बाई म्हणाली, "अकरा दिसांच्या पोराला एवढी लांब कबर?" तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. "वाचलंय तिनं," म्हणालीस आणि खाली बसलीस. येताना माणिकपूरच्या दुकानातून मला शाईचं पेन घेऊन दिलंस. मग खरं सांगायची सोयच राहिली नाही.

आता फादरांनी सगळ्या स्मारकांची आणि कबरींची यादी करायचं काम मला दिलंय. चर्चच्या फरशीतले जुने पोर्तुगीज दगड मी आधी घेतले. दगडावर पाणी मारून आरशाने तिरका उजेड टाकला की झिजलेली अक्षरं उठून येतात. त्यातल्याच एका दगडावर मी लहानपणी उभी होते तेव्हा तू दंड धरून ओढलं होतंस. "अक्षर हाय त्याच्यावर. वाचता येत नाय म्हनून तुडवायचं?" आरसा धरते तेव्हा अजून दंडावर तुझी बोटं जाणवतात. एकेक ओळ मी तीनतीनदा तपासते. न तपासता लिहिलेली नोंद फक्त एकच: भिंतीकडून तिसरी, दादा.

यादी देऊन आले आणि चैन पडेना. मंगळवारी कार्यालयात जाऊन दफनाची जुनी वही मागितली. दादा दफनभूमीतल्या विहिरीकडे आहे, लहान मुलांच्या रांगेत, शेवटून दुसरा. भिंतीकडची तिसरी कबर एका म्हाताऱ्या बाईची आहे. नातलगांच्या जागी 'कोणी नाही' असं लिहिलंय. तुझ्या मेणबत्त्या तिला मिळाल्या, त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. माझ्या यादीत विहिरीकडच्या त्या कबरीपुढे कुणाचंच नाव नाही. जागा पुरत नाही म्हणून अशा बेवारस कबरी उघडून हाडं एका सामायिक खड्ड्यात ठेवणार आहेत, तसा कागद दारावर लागलाय. रविवारी चर्चमधल्या मिस्साच्या उपासनेनंतर सभेत यादी सगळ्यांसमोर वाचून मंजूर होईल. सोमवारपासून खणायला सुरुवात.

मावशीला सांगितलं. ती पालकाच्या जुड्या बांधत होती.

"तुझी आय समाधानानं मेली. आता चारचौघांत उभी राहून तिला येडी ठरवनार?"

"तिला नाही, मला."

"नि देव काय पत्रा वाचून मेनबत्ती घेतो?"

"देव नाही गं मावशी, कुदळवाला वाचतो. तोही माझीच यादी."

तिने जुडी खाली ठेवली. "तोंड तेवढं आयचं घेतलंस," म्हणाली. मग मी निघताना अर्धी परडी शेवंती माझ्यापुढे सरकवली.

मला भीती वाटते, आई. त्या सभेत माझं अक्षर, माझी शिस्त यांचं कौतुक करणारे सगळे असतील. बोलायचं ते मी चार वेळा लिहून काढलं आणि चारही वेळा त्यात 'अनवधानाने' हा शब्द आला. पाचव्यांदा तो खोडला. मी आठ वर्षांची होते, पण अनवधान नव्हतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती सभेत सांगणार नाही, तुलाच सांगते. उरलेला मेणबत्तीचा तुकडा तू दर वर्षी माझ्या हातात द्यायचीस. "विहिरीकडं लाव जा. त्या पोरांकडं कोनी येत नाय." मला विहिरीची भीती वाटायची. मी तो दफनभूमीतल्या मोठ्या क्रूसाच्या चौथऱ्याआड विझवून खिशात घालायचे आणि लावला म्हणून सांगायचे. एकदाही तिथे गेले नाही.

हा कागद माझ्याकडच्या यादीच्या कच्च्या वहीत राहील. भिंतीकडून तिसऱ्या कबरीचं नाव वाचायला घेतलं की मी उठून थांबवणार आहे, आणि सगळ्यांना विहिरीकडे घेऊन जाणार आहे. परवा, रविवारी, साडेसातच्या मिस्सानंतर.